हप्ता तोच ठेवा

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर राहणारा गृहस्थ जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्ट बसवत आला. ऐकणाऱ्याला वाटतं, मी म्हातारा फेकतोय. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगाच नाही. लिफ्ट नव्हती म्हणून तर चौथा मजला स्वस्त होता, आणि स्वस्त होता म्हणून तर त्याने घेतला.

त्याचं खरं नाव आता फक्त दारावरच्या पाटीला माहीत. सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. गवंड्याकडे ती दोरी असते ना, खाली पितळी वजन लटकवलेली, भिंत सरळ आहे की कललेली ते सांगणारी, तो ओळंबा. याच्या खिशात तो कायम असायचा. कोणाच्याही घरी गेला की पाणी पिण्याआधी हा दाराच्या चौकटीला ओळंबा लावणार. सासऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हाही लावला, आणि होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला, “चौकट डावीकडे बोटभर झुकलीय.” सासरा मोठा मिश्कील. तो म्हणाला, “चौकट गेली खड्ड्यात. माणूस सरळ आहे ना?” हा म्हणाला, “माणूस सरळ आहे.” तेवढ्यावर लग्न ठरलं. ही गोष्ट वहिनी स्वतः सांगायच्या, आणि सांगून झाल्यावर म्हणायच्या, “बाबांनी चौकट दुरुस्त करून घ्यायला हवी होती, जावई नको होता.”

वहिनींचं काम एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात, इस्त्रीच्या टेबलाशी. खोल्याखोल्यांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, जेवणाच्या टेबलांची पांढरी कापडं. सकाळपासून उभं राहायचं. तिथे बसायला काही ठेवलेलंच नव्हतं, कारण बसलेला माणूस इस्त्री नीट करत नाही असं मुकादमबाईंचं मत होतं, आणि मुकादमबाई स्वतः खुर्चीत बसून ते मत द्यायच्या. वहिनींच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा अशा फुगायच्या की दोरीच गुंडाळलीय जणू. दिवसभर असं उभं राहून घरी यायचं, आणि मग चार मजले चढायचे. तिसऱ्या मजल्यावर माझं घर. माझ्या दाराशी त्या कठड्याला धरून थांबायच्या. मी म्हणायचो, “वहिनी, आत या, टेका जरा.” त्या म्हणायच्या, “भाऊजी, टेकले तर उठणार नाही. मग तुमच्या मित्राला चहा कोण देईल? त्याच्या खिशातला ओळंबा?”

घराच्या कर्जाची मुदत वीस वर्षांची. आणि कर्ज घेतलं त्याच दिवशी ओळंब्याने बायकोला शब्द दिला होता, “शेवटचा हप्ता गेला की दुसऱ्या दिवसापासून तू कामाला जायचं नाहीस.” शब्द नुसता तोंडी नव्हता. कुठल्याशा जुन्या कचेरीतली मोडीत निघालेली लिफ्ट उतरवताना त्याला एक फळी मिळाली. पूर्वी लिफ्टमध्ये बसणारा नोकर असायचा, त्याच्यासाठी भिंतीला बिजागरीवर लावलेली, हवी तेव्हा पाडायची आणि नको तेव्हा उभी करायची. जुनं लाकूड, बसून बसून गुळगुळीत झालेलं. ती त्याने आणली, घासली, तेल पाजलं आणि आपल्या गच्चीच्या भिंतीला ओळंबा लावून बसवली. म्हणाला, “ही तुझी जागा. वीस वर्षांनी बस.” वहिनी त्यावर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली ठेवायच्या. बसल्या नाहीत कधी. मी विचारलं तर म्हणाल्या, “अजून फिटली नाही हो भाऊजी. कर्जावरच्या खुर्चीत बसवत नाही.”

आता कर्ज कसं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझं कुलपं-किल्ल्यांचं खोपटं त्या बँकेच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे. म्हणून त्या दिवशी त्याच्याबरोबर मीच गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने सांगितलं, दोन तऱ्हा आहेत. एक, ठरलेला दर: तो हलणार नाही, पण आज थोडा जास्त पडेल. दुसरी, बदलता दर: आज कमी, पुढे मध्यवर्ती बँक ठरवेल तसा वर किंवा खाली.

ओळंबा म्हणाला, “मध्यवर्ती बँक म्हणजे कोण?”

“बँकांची बँक. आम्हाला ती पैसे देते, ती जो दर लावते त्यावर आमचा दर.”

“तिचं आणि माझं काय भांडण?”

“भांडण नाही हो. महागाई फार वाढली की ती दर चढवते. कर्ज महागलं की लोक खर्च आवरतात, भाव थंडावतात. मंदी आली की उतरवते.”

“म्हणजे आमच्या गव्हर्नरसारखं,” ओळंबा खूश झाला. लिफ्टच्या माथ्यावर एक चाक असतं, त्याला ते लोक गव्हर्नर म्हणतात. लिफ्ट भलत्या वेगाने निघाली की ते चाक दोरी पकडतं आणि लिफ्ट जागच्या जागी आवळली जाते. टेबलामागचा माणूस हसला. म्हणाला, त्यांच्या साहेबालाही गव्हर्नरच म्हणतात. दोघांची गट्टी जमली आणि आमच्या मित्राने बदलत्या दरावर सही ठोकली. आज कमी आहे ना, मग झालं.

दर बदलता याचा अर्थ त्याला कळला नाही असं नाही. कळला, पण आत उतरला नाही. त्याचं मूळ आमच्या शाळेत आहे. तो त्याच्या गावच्या शाळेत शिकला, मी माझ्या, पण व्याजाचं गणित सगळीकडे एकच. मुद्दल इतकं, दर इतका, मुदत इतकी. तिन्ही फळ्यावर लिहिलेलं. आमच्या वर्गात एका कार्ट्याने विचारलं होतं, “गुरुजी, मधेच दर बदलला तर?” गुरुजी म्हणाले, “तर गणित सुटणार नाही. खाली बस.” तो खाली बसला. पुढे बहुतेक बँकेत लागला असेल. बाकी आम्ही सगळे दर दिलेला असतो असंच धरून मोठे झालो. दिलेल्याला हात लावायचा नसतो.

पहिली काही वर्षं बरी गेली. इमारती उगवत होत्या, ओळंबा एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात. खड्डा म्हणजे लिफ्टचा, तळापासून गच्चीपर्यंतची पोकळ विहीरच ती. काम सुरू करताना वरून तारा सोडायच्या, खाली वजनं लटकवायची, आणि ती डुलू नयेत म्हणून तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायची. तारा स्थिर झाल्या की त्यांच्या मापाने लोखंडी रूळ बसवायचे. त्याचं एक पालुपद होतं, “खाली केसभर चुकलं की वर हातभर चुकतं.” नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो हेच ऐकवायचा. आम्हालाही ऐकवायचा, आम्ही नवे नसूनही.

मग महागाई आली. सगळ्यांकडे येते तशीच आली, आधी तेलात, मग भाड्यात, मग सगळ्यात. मध्यवर्ती बँकेने दर चढवला. पाव टक्का. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा माझ्या खोपट्याशी बसून आम्ही हसलो होतो. पावाने काय होतंय? मग पुन्हा पाव. मग अर्धा. मग पुन्हा अर्धा.

बँकेतून ओळंब्याला फोन आला. मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, दर वाढलाय. तुमचा हप्ता वाढवायचा, की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची?” हा म्हणाला, “हप्ता तोच ठेवा.” ती म्हणाली, “ठीक आहे सर, धन्यवाद.” संभाषण संपलं. एवढंच.

यात त्याला काय ऐकू आलं ते सांगतो. ‘हप्ता तोच’ हे ऐकू आलं. ‘मुदत’ हा शब्द कानाला लागून गेला. महिना जसा होता तसा राहिला, त्याअर्थी सगळं जसं होतं तसं राहिलं. नंतरही फोनवर बँकेचे निरोप यायचे, बारीक अक्षरांत भरपूर मजकूर. हा त्यातला हप्त्याचा आकडा तेवढा बघायचा. आकडा तोच. फोन खिशात.

त्याच्या टोळीत एक वेल्डर होता. त्याचंही घर कर्जाचं. त्याने फोनवर उलटं सांगितलं, हप्ता वाढवा. मग तो रडत फिरायचा. रविवारी लोकांच्या खिडक्यांना गज लावायचा, विडी सोडली, मुलीची शिकवणी बंद केली. ओळंबा त्याला डिवचायचा, “अरे, घाबरट रे तू. माझ्याकडे बघ. माझा हप्ता ओळंब्यात आहे, इकडे नाही, तिकडे नाही.”

वेल्डर म्हणायचा, “दर माझाही तोच, तुझाही तोच. मला टोचतंय, मग तुला का टोचत नाही?”

“मी सरळ माणूस आहे म्हणून.”

सगळे हसायचे. वेल्डरही हसायचा, पण जरा विचार करत हसायचा.

टोचत का नव्हतं ते मला पुढे कळलं, तेव्हा वाटलं, हे तर आपल्याला कोणीही समजावू शकलं असतं. हप्ता म्हणजे एक ताट. त्यावर दोघं जेवायला बसतात, व्याज आणि मुद्दल. व्याज आधी जेवतं. त्याचं पोट भरून उरेल ते मुद्दलाचं. दर चढला की व्याजाची भूक वाढते. ताट तेवढंच ठेवलं तर मुद्दलाच्या वाट्याला शितं. ओळंब्याच्या ताटात काही वर्षं मुद्दलाला नुसता वास मिळाला. हा दर महिन्याला इमानाने ताट वाढत होता, आणि कर्ज जिथल्या तिथे बसून ढेकर देत होतं.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर वेगळी गोष्ट. दर चढल्यावर नवी घरं घेणारे लोक थबकले. कर्जच परवडेना, तर घर कोण घेणार? घरं विकली जाईनात, तेव्हा बांधणाऱ्यांनी अर्ध्या इमारती तशाच सोडल्या. वर गेलेल्या सळया गंजून लाल. नवी इमारत नाही म्हणजे नवा खड्डा नाही, नवा खड्डा नाही म्हणजे ओळंब्याला काम नाही. कंपनीने टोळी अर्धी केली, याला ठेवलं ते अर्ध्या पगारावर, जुन्या लिफ्टची तेलपाणी दुरुस्ती करायला. बँकांच्या बँकेत कोणीतरी एक दांडा ओढला, आणि याच्या घरात तो दोन्ही बाजूंनी लागला. कर्ज लांबलं, आणि फेडणारा हात लुळा झाला.

हप्ता मात्र चुकला नाही. तो वहिनींनी चुकू दिला नाही. रविवारचीही पाळी घेतली, हॉटेलातल्या पाहुण्यांचे सदरे इस्त्रीला घेतले, त्याला वेगळे पैसे. तिसऱ्या मजल्यावर माझ्या दाराशी त्यांचं थांबणं लांबत गेलं. एकदा माझी बायको त्यांना म्हणाली, “एवढं कशासाठी मारून घेता?” वहिनी म्हणाल्या, “अहो, तारीख ठरलीय माझ्या सुटकेची. कैद्यालासुद्धा तारीख असली की तुरुंग गोड लागतो.”

आणि मग दर उतरले. भाव थंडावले, मध्यवर्ती बँकेने दांडा खाली केला. नवी घरं पुन्हा विकू लागली, गंजलेल्या सळयांवर काँक्रीट चढलं, ओळंबा पुन्हा खड्ड्यात उतरला, पूर्ण पगारावर. आम्हाला वाटलं, झालं, संकट टळलं. पण या दराची एक खोड आहे. वर जाताना तो बोलावल्याशिवाय येतो. खाली येताना त्याला बोलवावं लागतं. नव्या गिऱ्हाइकाला कमी दर आपोआप, जुन्याने अर्ज करायचा, वर थोडी फी भरायची, तेव्हा कुठे तो जुन्याला लागू. वेल्डरने अर्ज केला, कारण त्याला रोज टोचत होतं, तो बँकेत सारखा खेटे घालायचा. ओळंबा गेला नाही. त्याला कशाला जायला हवं? त्याचा हप्ता तोच होता.

वीस वर्षं भरत आली. शेवटच्या महिन्यात वहिनींनी धुलाईखान्यात राजीनामा दिला. तिथल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना मऊ तळव्यांच्या सपाता दिल्या, घरात घालायच्या, आत लोकर असलेल्या. मुकादमबाई म्हणाल्या, “आता पाय वर करून बसा.” वहिनींनी त्या सपाता आम्हाला आणून दाखवल्या. एवढ्या खुशीत मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. गच्चीतल्या फळीवरची चिमट्यांची टोपली त्यांनी उचलून खाली ठेवली, फळी ओल्या फडक्याने पुसली. बसल्या नाहीत. म्हणाल्या, “आधी घराचे कागद हातात येऊ देत.”

हप्ता कापला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. ओळंब्याने इस्त्रीचा सदरा घातलेला, इस्त्री अर्थात वहिनींची. टेबलाशी आता एक तरुण मुलगी होती. तिने पडद्यावर पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्यावर.

“काका, अजून बाकी आहे.”

“काही फी वगैरे राहिली असेल.”

“फी नाही. कर्ज. सात वर्षं आणि थोडी वर.”

ओळंबा हसला. खरंच हसला. “अहो ताई, दुसऱ्या कुणाचं बघताय तुम्ही. माझा एक हप्ता चुकलेला नाही. माझा हप्ता वाढलेलासुद्धा नाही.”

“म्हणूनच काका. हप्ता वाढवला नाहीत म्हणून मुदत वाढली.”

“कुणी वाढवली?”

“दर वाढला ना, त्याने.”

“तो कुठे बसतो? त्याला बोलवा.”

मुलगी बिचारी गोंधळली. तिने साहेबांना बोलावलं. साहेब चांगला माणूस होता, आम्हाला पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, सगळं उलगडून सांगितलं. कोणत्या वर्षी दर किती, फोन कधी केला, फोनवर आपण काय म्हणालात. आवाज नोंदलेला आहे, ऐकायचाय का, असंही विचारलं. ओळंब्याने मान हलवली, नको. स्वतःचा आवाज ऐकायला कोणाला हवा असतो?

साहेब म्हणाला, “चूक कुणाची नाही. तुम्ही पर्याय निवडलात, बँकेने तो पाळला.”

आणि तेच तर होतं ना. शिव्या द्यायला समोर कोणी नव्हतंच. सावकार असता तर त्याच्या दारात जाऊन बोंब ठोकता आली असती. इथे सगळे गोड बोलत होते, सगळ्यांनी नियम पाळले होते, आणि सात वर्षं समोर मांडून ठेवलेली होती.

 साहेबांचं बोलणं संपल्यावर वहिनींनी एकच विचारलं, साहेबांना नाही, नवऱ्याला.

“म्हणजे उद्या मी जायचं का?”

ओळंब्याचा हात खिशात गेला, तिथे तो पितळी गोळा होता, तो त्याने मुठीत धरला आणि खाली फरशीकडे बघत राहिला.  वहिनी पदर सावरून उठल्या. “बरं,” म्हणाल्या, “मग आत्ताच जाऊन सांगते. उद्यापर्यंत जागा भरतील ते.”

त्या सरळ धुलाईखान्यात गेल्या. मुकादमबाईंनी परत घेतलं, पण राजीनामा तर मंजूर झालेला. तेव्हा नव्याने भरती, नव्या माणसाच्या पगारावर. वीस वर्षांपूर्वी तिथे पहिल्यांदा उभ्या राहिल्या होत्या, त्या जागेला त्या पुन्हा पहिल्यांदा उभ्या राहिल्या. सपाता बायकांना परत द्यायला निघाल्या होत्या. कोणी घेईना. तेव्हा त्याच घालून टेबलाशी उभ्या राहिल्या. बायकांनी थट्टा केली, घरच्या सपाता कामावर. वहिनी म्हणाल्या, “घर इथेच आहे ना माझं.”

त्या संध्याकाळी माझ्या दारातून दोघांचं बोलणं वर जाताना ऐकू आलं. आरडाओरडा नाही. वहिनी जिना चढता चढता, दम घेत घेत बोलत होत्या.

“खाली केसभर चुकलं की वर हातभर चुकतं. हे कोण सांगायचं हो? मला आठवत नाही, तुम्ही सांगा.”

तो मागून पायऱ्या चढत राहिला.

“पाव टक्का म्हणजे केस नव्हे का? सगळ्या गावच्या चौकटींना ओळंबा लावलात. एकदा आपल्या घराला लावायचा होता.”

“मला वाटलं, हप्ता तोच आहे...”

“माझे पाय तेच आहेत का?”

त्यानंतर पुष्कळ दिवस त्या दोघांत कामापुरतं बोलणं. मीठ दे, दार लाव, एवढंच. ओळंबा मात्र शहाणा झाला, उशिरा का होईना. अर्ज केला, फी भरली, दर खाली आणवला. सात वर्षांतलं दीडेक वर्ष गळालं. कंपनीतून वयामुळे निवृत्त झाला तेव्हा मिळालेल्या पैशांतले बरेच कर्जात लोटले, आणखी थोडं गळालं. आणि आराम करायच्या वयात त्याने एका सरकारी कचेरीतल्या जुन्या लिफ्टमध्ये नोकरी धरली. लोकांना वरखाली न्यायचं. लिफ्ट बसवणारा लिफ्टमध्ये बसला. मी म्हटलं, “ओळंब्या, तुला बढती मिळाली.” एरवी तो हसला असता. तो म्हणाला, “दादा, आता एवढंच कळतं, की मी बटण दाबतो आणि ती वर जाते. बाकीचं सगळं दुसरंच कोणीतरी दाबतं.”

गेल्या वर्षी दर पुन्हा चढले. पुन्हा पाव. बँकेतून फोन आला तेव्हा दोघं जिना चढत होते, माझ्या दाराशी थांबले होते. मी दारातच. आवाज तसाच गोड. हप्ता वाढवायचा, की मुदत?

ओळंब्याने फोनवर हात धरला आणि बायकोकडे पाहिलं. “काय सांगू?”

“आता विचारताय?”

“हो.”

वहिनींनी कठडा धरला, एक पाय वर घेतला, पोटरी चोळली. “तुमचे पाय किती वर्षं चालतील ते तुम्ही सांगा. माझे किती ते मी सांगते. त्यातला कमी आकडा काढा, आणि तिला म्हणावं, त्याच्या आत संपव. हप्ता काय हवा तो लाव.”

त्याने तसंच सांगितलं, अक्षरशः.  पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे हप्ता वाढवू ना?” तो म्हणाला, “वाढवा.” वाढीव हप्त्यासाठी वहिनींनी पुन्हा रविवार घेतला.

दुसऱ्या दिवशी मला जिन्यात ठोकाठोक ऐकू आली. बाहेर येऊन पाहतो, तर ओळंब्याने आपल्या गच्चीतली ती फळी काढून आणलेली, आणि माझ्या दाराशेजारी, तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला बसवत होता. बिजागरीसकट. ओळंबा लावून. मी विचारलं, “अरे, ती तर वहिनींची गच्चीतली जागा ना?”

“गच्चीत बसायला तिला वेळ कुठाय?” तो म्हणाला. “इथे बसेल.”

वहिनी संध्याकाळी आल्या, पाहिलं. फळी पाडली आणि बसल्या. वीस वर्षं आणि वर किती, त्यानंतर पहिल्यांदा वहिनी त्या फळीवर बसल्या, एक जिना घराच्या अलीकडे. ओळंबा दोन पायऱ्या खाली पिशवी घेऊन उभा राहिला. श्वास खाली बसेपर्यंत वहिनी त्याच्याकडे बघत नाहीत, अजूनही नाही. मग उठतात, फळी भिंतीला लावतात, आणि म्हणतात, “चला.” तो मागे निघतो.

आता ती फळी सगळी इमारतच वापरते. ओळंब्याच्या शेजारची बाई भाजीची पिशवी ठेवते, पोस्टमन टेकतो, मीही टेकतो. हलत नाही, कुरकुरत नाही. केसभरसुद्धा कललेली नाही. बसवलीच तशी आहे त्याने.